सत्तावीस घोडे

वस्तू पूर्ण ताकदीची बनवायची आणि कारखान्यातून बाहेर काढताना मुद्दाम तिचे हातपाय बांधून पाठवायची, हा प्रकार आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना काही नवा नाही. ट्रायल व्हर्जन म्हणजे तरी दुसरं काय? सगळा कोड तुमच्या डिस्कवर येऊन पडलेला असतो, फक्त कुठेतरी एका ओळीत 'हे चालू करायचं नाही' असं लिहिलेलं असतं. पण मोटरसायकलवाल्यांनी हाच उद्योग आपल्या कितीतरी आधी केला, आणि तोही लोखंडात. गेले दोन-तीन वीकेंड मी याच विषयात अडकलो होतो. सुरुवात 'गाडी मोकळी कशी करतात' या साध्या कुतूहलाने झाली. मग लक्षात आलं की खरी गंमत ती बांधली का, कोणी आणि कोणत्या आकड्यावर, यात आहे.

आधी थोडं तंत्र, म्हणजे पुढचं समजेल. इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. किती हवा आत जाते त्यावर किती पेट्रोल जळणार हे ठरतं, आणि त्यावर ताकद. त्यामुळे ताकद कमी करायची तर इंजिनाचा गळा आवळायचा, एवढंच काम. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी नळीत मधे लहान भोक असलेली एक धातूची चकती बसवायची. वॉशरच म्हणा ना. किंवा कार्ब्युरेटरची स्लाइड अर्ध्यातच अडेल असा एक खुंटा लावायचा. किंवा एक्झॉस्टमध्ये नळी बारीक करायची. जरा मेहनत घ्यायची तयारी असेल तर कॅमशाफ्ट बदलायचा, काँप्रेशन कमी करायचं.

यातली मजा अशी की कमी आरपीएमला इंजिनाला तशीही फारशी हवा लागत नाही, त्यामुळे गावातल्या गावात चालवताना बांधलेली गाडी आणि मोकळी गाडी यांतला फरक फारसा कळत नाही. फरक कळतो तो वरच्या आरपीएमला. हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करायला घेता, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळता आणि गाडी म्हणते, बस, एवढंच.

आता या गळा आवळण्याला जर्मन भाषेत शब्द आहे 'ड्रोसेल'. याच शब्दाचा दुसरा अर्थ थ्रश नावाचा एक गाणारा पक्षी. आणि याच कुळातलं एक क्रियापद आहे, त्याचा अर्थ थेट 'गळा दाबून मारणे'. जर्मन लोक गंभीर असतात असं कोण म्हणतं!

तर जर्मनी. १९७० च्या दशकात तिथे मोटरसायकलच्या विम्याचा हप्ता इंजिनाच्या आकारावर नाही, तर अश्वशक्तीवर ठरायचा. जर्मन लोक ती 'पीएस'मध्ये मोजतात, म्हणजे अक्षरशः घोड्यांचं बळ. पायऱ्या होत्या १०, १७, २७, ५० अशा. तुमची गाडी २८ पीएसची असली की तुम्ही थेट ५० च्या वर्गात, आणि हप्ता टुणकन वर. आता असा जिना कोणी बांधून ठेवला की काय होणार हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. बाजारातल्या सगळ्या गाड्या बरोबर २७ वर किंवा बरोबर ५० वर येऊन थांबल्या. होंडाची सीबी ४०० एन मूळची ४३ पीएसची, ती जर्मनीत २७ च्या रूपातही मिळायची. यामाहाची एसआर ५००, पाचशे सीसीचं एकच मोठं सिलिंडर, तीसुद्धा २७ मध्ये. कागदावर वेगवेगळ्या कंपन्या, वेगवेगळी इंजिनं, आणि ताकद मात्र सगळ्यांची तंतोतंत सारखी! शाळेत सगळ्या वर्गाला गृहपाठात एकच चुकलेलं उत्तर यावं तसं.

यात सगळ्यात मन लावून केलेलं उदाहरण बीएमडब्ल्यूचं. १९७८ मध्ये त्यांनी आर ४५ आणली. ४७३ सीसी, दोन्ही बाजूंना सिलिंडर पसरलेलं त्यांचं ते प्रसिद्ध बॉक्सर इंजिन. जगासाठी ३५ पीएस आणि घरच्या बाजारासाठी २७ पीएस. आणि इथे नुसती चकती घालून भागवलं नव्हतं. २७ वाल्या गाडीचं काँप्रेशनच कमी होतं, ८.२, मोकळीचं ९.२. कार्ब्युरेटरही लहान. म्हणजे मोकळी करायची तर पिस्टनपर्यंत जावं लागणार. दोनशे किलोच्या वर वजनाची गाडी आणि २७ घोडे... ज्यांनी चालवली त्यांनी तिला नावं ठेवली, आणि तरीही ती खपली. कारण विम्याचा हप्ता दर वर्षी भरायचा असतो, घाट रोज चढायचा नसतो.

इथपर्यंत हा नुसता पैशांचा मामला होता. १ एप्रिल १९८६ पासून जर्मनीने पायरीपायरीचं लायसन्स आणलं आणि नवशिक्याला पहिली दोन वर्षं जास्तीत जास्त किती ताकद, तर तीच... २७ पीएस. हा आकडा आला कुठून? कोणी नवशिक्यांवर प्रयोग करून काढला का? नाही. विमा कंपन्यांचा जिना आधीपासून उभा होता, सगळ्या कंपन्यांकडे २७ च्या गाड्या तयार होत्या, सरकारने तीच पायरी उचलली. लेगसी सिस्टममधला एखादा कॉन्स्टंट कसा वर्षानुवर्षं टिकतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. मूळ लिहिणारा सोडून गेलेला असतो, कॉमेंट नसते, आणि बदलायला कोणी धजत नाही.

पण एक फरक मात्र फार मोठा पडला. विम्याच्या काळात ती चकती काढणं म्हणजे विमा कंपनीला फसवणं होतं. लायसन्सच्या काळात ती काढणं म्हणजे लायसन्सशिवाय गाडी चालवणं झालं, आणि जर्मनीत तो थेट फौजदारी गुन्हा आहे. तीच दोन रुपयांची चकती, पण तिच्यावरचं कायद्याचं वजन बदललं. अपघात झालाच तर समोरच्या माणसाला विमा कंपनी भरपाई देते, आणि नंतर तुमच्याकडून वसूल करायला येते. आजच्या नियमात ही वसुली सहसा ५,००० युरोपर्यंत जाऊ शकते. विशीतल्या पोरासाठी ही रक्कम काही थोडी नाही.

जपानची गोष्ट वेगळ्या वळणाने जाते. तिथे १९७५ मध्ये लायसन्सचे नियम बदलले आणि सर्वसाधारण माणसासाठी हद्द ठरली ४०० सीसी. त्यांच्या भाषेत 'मध्यम आकाराच्या' दुचाकीचं लायसन्स. त्याच्या वर जायचं तर सरकारी केंद्रात जाऊन थेट परीक्षा द्यायची, आणि ती इतकी अवघड ठेवलेली की बहुतेक जण नापासच व्हायचे, पुन्हा पुन्हा. या परीक्षेला जपानी रायडर म्हणायचे 'गेन्तेई काइजो', म्हणजे 'मर्यादा काढून टाकणे'. नीट पाहा, इथे मर्यादा गाडीतून नाही, माणसावरून काढली जातेय! मला हा शब्द फार आवडला. १९९६ मध्ये ड्रायव्हिंग स्कूलमधून मोठ्या गाडीचं लायसन्स मिळायला लागलं, तोवर हीच पद्धत.

होंडाची सीबी ४०० फोर तेव्हा ४०८ सीसीची होती. आठ सीसीने नियमाबाहेर. १९७६ मध्ये होंडाने जपानसाठी तीच गाडी ३९८ सीसीची करून आणली. मग चारशेच्या आत किती ताकद ठासता येते याची शर्यत लागली. ऐंशीच्या दशकात ती इतकी तापली की कंपन्यांनी आपसात ठरवलं : २५० सीसीला ४५ पीएस, ४०० सीसीला ५९, ७५० ला ७७. कायदा नव्हता, 'स्वतःहून घातलेलं बंधन' होतं. स्वतःहून म्हणजे मंत्रालय खोलीत बसलेलं असताना स्वतःहून. कारण बाहेर वातावरण तंग होतं. रात्री-अपरात्री रस्ते अडवणाऱ्या बोसोझोकू टोळ्या होत्या, पोरं मरत होती, आणि १९८२ मध्ये तिथल्या हायस्कूलच्या पालक-शिक्षक संघटनांनी देशभर 'तीन नको'ची मोहीम उचलली होती : लायसन्स काढू द्यायचं नाही, गाडी घेऊ द्यायची नाही, चालवू द्यायची नाही. अशा काळात ६० पीएसच्या २५० सीसी गाडीची जाहिरात करायची कोणाची छाती होणार?

मग व्हायचं तेच झालं. ब्रोशरमध्ये सगळ्यांचे ४५, आणि आत किती दडलंय याच्या दंतकथा गॅरेजमध्ये. १९८८ ची होंडा एनएसआर २५० आर यासाठी आजही ओळखली जाते. दोन स्ट्रोकची ही गाडी, आणि तिचं इग्निशन काँप्युटरच्या ताब्यात. इतिहासाच्या दृष्टीने हे महत्त्वाचं वाटतं मला, कारण बंधन इथे लोखंडातून इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिरायला लागलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हे आकडे आणखी खाली आले, २५० ला ४० आणि ४०० ला ५३. शेवटी २००७ मध्ये ही सगळी आपसातली बंधनं रद्द झाली. तोवर चारशेच्या गाड्या घेणारी पिढीच पन्नाशीकडे झुकली होती, हा भाग अलाहिदा.

ब्रिटनचा किस्सा थोडक्यात सांगतो. तिथे १९६१ पासून शिकाऊ माणूस एल पाटी लावून २५० सीसीपर्यंत काहीही चालवू शकायचा. १९६१ ला २५० सीसी म्हणजे गरीब बिचारं यंत्र. १९८० ला यामाहाची आरडी २५० एलसी आली, ३५ पीएसची, ताशी शंभर मैलांच्या आसपास पळणारी. नियम तोच! शिकाऊ पोरगा, एल पाटी आणि ताशी १६० किलोमीटर. १९८१ च्या कायद्याने यावर बूच बसलं आणि १९८३ पासून शिकाऊंना १२५ सीसी आणि १२ अश्वशक्ती एवढंच राहिलं. बाकी युरोपात २१ पीएसची असलेली आरडी १२५ एलसी ब्रिटनमध्ये १२ ची होऊन आली, आणि तिच्या पाठोपाठ तिला मोकळं करायची किट्स.

आता आपल्या घरची गोष्ट, जिच्यावाचून हा लेख पुरा व्हायचा नाही. राजदूत ३५०.

यामाहाची आरडी ३५० मूळ १९७३ ची. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, दोन स्ट्रोक, सहा गिअर, ३९ अश्वशक्ती. एस्कॉर्ट्सने ती १९८३ मध्ये भारतात आणली, म्हणजे दहा वर्षं जुनी, आणि तरीही आपल्याकडच्या सगळ्या गाड्यांना धूळ चारणारी. जॅकी श्रॉफने 'हीरो'मध्ये चालवली ती हीच. पण आपल्याकडे आली तेव्हा ३९ चे ३०.५ झाले होते. कारण ना विमा, ना लायसन्स. कारण एकच, ज्याला आपण सगळे बळी पडतो : 'कितना देती है?' एक्झॉस्ट आवळला आणि पेट्रोल वाचवायचा प्रयत्न केला. तेवढ्यानेही गिऱ्हाइकाचं समाधान होईना, तेव्हा १९८५ च्या सुमाराला आणखी आवळलेली गाडी आली, २७ अश्वशक्तीची. पहिलीला लोक एचटी म्हणायला लागले, हाय टॉर्क, दुसरीला एलटी, लो टॉर्क. (२७! जर्मन विमा कंपन्यांचा आकडा फरीदाबादवाल्यांनी कसा गाठला देव जाणे. योगायोगच, पण मजेदार.)

दोन स्ट्रोक इंजिनात एक्झॉस्ट हा नुसता धूर बाहेर टाकायचा पाइप नसतो. बाहेर जाणाऱ्या वायूचा दाब त्या फुगीर पाइपात आपटून परत येतो आणि सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलतो. म्हणजे पाइपाचा आकार हाच अर्धं इंजिन. त्यामुळे आपल्याकडच्या मिस्त्री लोकांनी नेमका तिथेच हात घातला. एलटीला एचटीचे सायलेन्सर, कार्ब्युरेटरचे जेट मोठे, आणि धीर असेल तर सिलिंडरची पोर्ट कानशीने घासून वर न्यायची. ज्यांना हिशोब कळत होता त्यांनी गाडीला खरोखर मूळ रूपाजवळ नेलं. ज्यांना कळत नव्हता त्यांनी सायलेन्सर मोकळा केला आणि जेट तेच ठेवले. मग हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि दोन स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं किंवा ॲक्सिलरेटरच्या हिशोबाने पंपाने येतं, त्याला या नव्या उष्णतेचा पत्ताच नसतो. पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो. शंभरच्या वेगात मागचं चाक एकाएकी जाम! तेव्हा क्लच दाबायला किती वेळ मिळतो याचा अंदाज करा.

पण माझ्या मते खरा मुद्दा याहून वेगळा आहे आणि आरडीच्या प्रेमिकांच्या गप्पांत तो फारसा येत नाही. भारतीय आरडीची फक्त ताकद कमी केली नव्हती. मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्या राजदूतला ड्रम दिला. ताकद कमी, ब्रेकही कमी, म्हणजे हिशोब कसाबसा जुळत होता. मिस्त्रीने नऊ-दहा घोडे परत मिळवून दिले. डिस्क मात्र मिळवून दिली नाही, कारण त्यासाठी पुढचं सगळं बदलावं लागतं, पैसे लागतात, आणि चौकात सिग्नल सुटल्यावर ब्रेकची फुशारकी कोणी मारत नाही. 'आरडी' म्हणजे 'रॅपिड डेथ' हा विनोद आपल्याकडे उगाच रुजला नाही. सिस्टममधली एक लिमिट काढताना बाकीचे भाग त्याच लिमिटवर विसंबून बनवलेत का हे पाहायचं असतं. डेटाबेसचं कनेक्शन लिमिट वाढवून प्रॉडक्शन झोपवलेली मंडळी मान डोलावतील.

मग ताकदीचा आणि अपघातांचा संबंध आहे की नाही? हा प्रश्न युरोपात फार पेटला होता. नव्वदच्या दशकात ब्रसेल्सला सगळ्याच मोटरसायकलींवर ७४ किलोवॅटची, म्हणजे शंभर अश्वशक्तीची मर्यादा हवी होती. रायडर संघटना रस्त्यावर उतरल्या, युरोपियन संसदेत वाद झाला. १९९५ च्या निर्देशात तडजोड निघाली, ज्या देशाला हवं त्याने मर्यादा ठेवावी. पुढे १९९७ मध्ये हॉलंडच्या टीएनओ या संशोधनसंस्थेने आयोगासाठी अभ्यास केला आणि ताकद वाढली की अपघात वाढतात याला शास्त्रीय पुरावा सापडत नाही असं सांगितलं. फ्रान्स तरीही शंभरावर अडून बसला, थेट २०१६ पर्यंत.

मला हा निष्कर्ष पटतो, पण मोठ्या आणि अनुभवी माणसांपुरता. 'ताकद आणि अपघात यांचा संबंध नाही' हे वाक्य अठराव्या वर्षी गाडी हातात आलेल्याला जसंच्या तसं लागू करायचं, हे काही गळी उतरत नाही. युरोपालाही उतरलेलं नाही. म्हणून नवशिक्यांसाठी मर्यादा राहिली, आधी २५ किलोवॅट, आणि १९ जानेवारी २०१३ पासून ३५ किलोवॅट, म्हणजे साधारण ४८ पीएस. याला ए२ लायसन्स म्हणतात. दोन अटी आणखी आहेत. किलोमागे ०.२ किलोवॅटपेक्षा जास्त नको. आणि गाडी बांधलेली असेल तर तिची मूळ ताकद बांधलेल्या ताकदीच्या दुपटीपेक्षा जास्त नको. ही दुपटीची अट कोणीतरी जमिनीवर पाय असलेल्या माणसाने लिहिली असावी. कारण आधीच्या नियमात लोक दीडशे अश्वशक्तीच्या सुपरबाइकला चकती घालून '२५ किलोवॅटची' म्हणून फिरवायचे, आणि ती चकती काढायला अर्धा तास पुरायचा.

आता चकतीचा जमाना गेला. ॲक्सिलरेटरची केबलच गेली कित्येक गाड्यांतून. मनगटाने तुम्ही फक्त विनंती करता, हवेची झडप किती उघडायची हे ईसीयू ठरवतो. बांधलेली आणि मोकळी गाडी यांच्यात नट-बोल्टचाही फरक उरलेला नाही, फरक एका फाइलचा. ए२ ची दोन वर्षं झाली, पुढची परीक्षा पास झालात, की डीलर लॅपटॉप जोडतो, दुसरा मॅप भरतो, कागद देतो, तो कागद नोंदणीत चढतो. आणि समजा हे सगळं न करता कोणी इंटरनेटवरून मॅप आणून भरला तर? तेही होतंच. अमेरिकेत २०२३ मध्ये आलेली कावासाकीची चारशे सीसीची झेडएक्स-४आरआर बाकी जगात ७७ पीएसची, तिथे मात्र आवाजाच्या नियमांपायी झडप पूर्ण उघडूच न देता पन्नाशीच्या घरात ठेवलेली. लोकांनी ईसीयू पुन्हा लिहून घ्यायला वेळ लावला नाही.

आणि आपण? आपल्याकडे पायऱ्याच नाहीत. अठरा पूर्ण झाली, गिअरवाल्या मोटरसायकलचं लायसन्स मिळालं, की शंभर सीसी चालवा की हजार सीसी, कायद्याला सारखंच. आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढून दाखवलेला पोरगा दुसऱ्या दिवशी दीडशे अश्वशक्तीवर बसू शकतो. उलट बाजूने मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करायचा नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केलं. पोलीस मात्र पकडतात ते सायलेन्सर, कारण तो ऐकू येतो. जप्त केलेल्या सायलेन्सरवरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो पेपरात येतात. ईसीयूमधली बदललेली फाइल कुठल्या रोडरोलरखाली घालणार?

आपण घोडे मोजतच नाही, सीसी मोजतो. थर्ड पार्टी विम्याच्या पायऱ्या ७५, १५० आणि ३५० सीसीच्या. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचीही हद्द तीच : ३५० सीसीपर्यंत १८ टक्के, वर गेलात की ४० टक्के. जर्मनीत जे २७ ने केलं तेच इथे ३५० करणार, बघत राहा.

गंमत म्हणजे युरोपचा जिना आपल्या चाकणपर्यंत येऊन पोहोचलाय. केटीएमची १२५ ड्यूक बजाजने चाकणला बनवून २०११ मध्ये युरोपला पाठवली, तिथल्या सोळा वर्षांच्या पोरांसाठी, बरोब्बर ११ किलोवॅटची, कारण त्या लायसन्सची हद्द ११. आपल्याकडे तेव्हा ती विकायलाही नव्हती. मग २०१३ मध्ये, ए२ लागू झालं त्याच वर्षी, ३९० ड्यूक आली. ३७३ सीसी, ३२ किलोवॅट. ३५ च्या आत, कसलीही चकती नाही, कसलाही बांधलेला मॅप नाही. नियम आधी वाचला आणि इंजिन नंतर काढलं. ते इंजिन आता ३९९ सीसीचं झालंय. ब्रसेल्सच्या हिशोबात ते अजून हद्दीच्या आत आहे, आणि दिल्लीच्या हिशोबात ४९ सीसीने बाहेर.